चार शंकू

बेगाइमने फळ्यावर ट्रकचं पुढचं चाक काढलं आणि त्याच्याखाली खडूने दोन जाड रेघा ओढल्या.

"ट्रकवाल्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. तोंड काय, हसेल, हात करेल, थांबलोच आहे म्हणेल. चाकाकडे बघायचं. चाक खोटं बोलत नाही."

समोरच्या बाकावरची तिन्ही नवी माणसं लगबगीने वहीत लिहू लागली. मागच्या बाकावर बसलेल्या कुलीपाने वही उघडलीच नाही. हे वाक्य तिचं होतं. तोंड, हसणं, हात करणं, सगळं शब्दाला शब्द तिचं. तीन हिवाळ्यांपूर्वी ह्याच घाटात, पापण्यांवर बर्फ जमत असताना, तिने ते ह्याच पोरीला, बेगाइमला, सांगितलं होतं. तेव्हा पोरगी थंडीने रडत होती आणि तिला पाटी सरळ धरता येत नव्हती.

आता पोरीच्या डोक्यावर शिकवणाऱ्यांचं पांढरं हेल्मेट होतं. राजधानीत जाऊन दहा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आली होती, काचेच्या चौकटीत बसवण्याजोगं प्रमाणपत्र घेऊन. आणि अकरा वर्षं कोचकोर ते नारिन ह्या घाटरस्त्यावर उभी राहून गाड्या अडवणारी कुलीपा नव्या तिघांसोबत बाकावर बसून 'रस्त्यावरची सुरक्षितता' शिकत होती. मुख्य कचेरीचा हुकूमच तसा होता, की पाच दिवसांच्या ह्या वर्गाला बसल्याशिवाय कुणालाही पाटी हातात धरू देऊ नये.

पाटी म्हणजे दांड्याला लावलेली गोल चकती, एका अंगाने लाल, दुसऱ्या अंगाने हिरवी. रस्त्याच्या अर्ध्या भागात डांबराचं काम चालू असलं की उरलेल्या अर्ध्यातून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडायच्या. वरच्या टोकाला एक पाटी, खालच्या टोकाला एक. दोघांनी एकमेकांचं ऐकलं तर काम सोपं आहे.

"चहा घ्या, गुरुजी!" नव्यांपैकी मीरगुल उठली. चाळिशीची, बोलघेवडी बाई. इतकी वर्षं दुकान चालवलेली, त्यामुळे कुणाला कधी लोणी लावायचं ते तिला बरोबर कळायचं. पहिला पेला तिने भरला तो बेगाइमसाठी.

वडीलधारं माणूस खोलीत असताना पहिला पेला दुसरीकडे जातो, हे कुलीपाने जन्मात पाहिलं नव्हतं. बेगाइमच्याही ते लक्षात आलं. तिने तो पेला दोन्ही हातांत धरून मागच्या बाकापर्यंत आणला.

"एजे, तुम्ही आधी."

एजे म्हणजे थोरली बहीण. किती गोड आवाजात म्हणाली! कुलीपाला वाटलं, एखाद्याने आपली वस्तू पळवावी आणि वर तीच आपल्याला भेट म्हणून द्यावी, तसं आहे हे. तिने पेला घेतला आणि तोंडही न लावता खिडकीत ठेवून दिला.

"माझा झालाय मघाशीच."

दाराशी बसलेला मुकादम सामुदिन हे सगळं बघत होता. बघत नसल्यासारखं करण्यात त्याचा हातखंडा होता. वर्ग सुटल्यावर त्याने कुलीपाला, वर्ग भरायचा त्या लोखंडी डब्याच्या मागे गाठलं.

"हे बघ, फिरवून बोलत नाही मी. कचेरीने एक नाव मागितलंय. सगळ्या घाटाला शिकवायला एक कायमची बाई हवी. चार ठिकाणच्या लोकांना शिकवायचं, हिवाळ्यात उबदार खोलीत बसायचं. शनिवारी मला नाव कळवायचंय. तू किंवा ती."

"तिला तर पाठवून झालंय ना राजधानीला?"

"तिला पाठवलं कारण तिला रशियन वाचता येतं. पण लोक म्हणतात कुलीपाचा अनुभव मोठा. मीही म्हणतो. उद्या वर्गाचा भाग म्हणून प्रत्यक्ष रस्त्यावरचं काम आहे, ते बघतो आणि ठरवतो."

"बघ बाबा," कुलीपा म्हणाली, "तुझे डोळे, तुझा शनिवार."

वरवर ती असं म्हणाली खरी, पण ती जागा तिला हवी होती. तिच्या डाव्या पायाची दोन बोटं थंडीने कायमची बधिर झाली होती, गुडघे जिना चढताना कुरकुरत होते. ही सगळी कारणं ती नवऱ्याला सांगायची. खरं कारण मात्र निराळं होतं. तिला ते पांढरं हेल्मेट बेगाइमच्या डोक्यावर बघवत नव्हतं. पोरीचं हसणं बघवत नव्हतं, तिचं सुबक अक्षर बघवत नव्हतं. वाटेने जाणारे ड्रायव्हर पूर्वी 'कुलीपा-एजे' अशी हाक मारून काचेतून मूठभर कुर्त, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या, तिच्या हातात ठेवायचे. तेच आता वरच्या टोकाला थांबून त्या पोरीशी चार शब्द बोलत होते. हे ती मोजायची. दिवसाकाठी कितीजण बोलले ते तिला पाठ असायचं, आणि असल्या गोष्टी आपण पाठ करतो ह्याची तिला लाजही वाटायची.

दुसऱ्या दिवशी वळणाच्या आतल्या बाजूला डांबर टाकणं चालू होतं. रोलर, तापलेल्या डांबराची गाडी आणि फावडी घेतलेले सहाजण. शेजारच्या मोकळ्या पट्ट्याच्या कडेने दर दहा मीटरवर एक नारिंगी शंकू ठेवलेला. रस्ता तिथे डोंगराला वळसा घालून वर चढतो. त्यामुळे वळणावरच्या माणसाला दोन्ही टोकं दिसत नाहीत. पण खालच्या टोकाला उभं राहिलं की ओढ्यापलीकडे, वर, दुसरं टोक अगदी तळहातावर घेतल्यासारखं दिसतं. कुलीपा खाली उभी होती. वर बेगाइम, आणि तिच्यामागे वह्या घेऊन तिघं नवे.

"एजे, खालून सोडा," वॉकीटॉकीवर बेगाइमचा आवाज आला. "मी वर ट्रक धरलाय. कोळशाचा."

"सोडते. मिनीबस आणि मागे पाच गाड्या. शेवटची निळी."

मिनीबस कुलीपाच्या जवळून गेली. आत बायका होत्या, दोन लहान मुलं होती, आणि गुंडाळलेल्या गालिच्यावर हात ठेवून बसलेला एक म्हातारा होता. मागच्या पाच गाड्याही गेल्या. कुलीपाने पाटीची लाल बाजू फिरवली आणि वर बघितलं.

वर डोंगरातल्या पायवाटेने एक घोडा उतरत होता. घोड्यावर एशिम अक्साकाल; पांढऱ्या दाढीच्या वडीलधाऱ्याला अक्साकाल म्हणतात. नव्वदीचा हा म्हातारा ह्या खोऱ्यातला सगळ्यांत वडील. निम्म्या गावाला जन्मल्यावर नाव त्यानेच दिलेलं. त्याच्यासमोरून मान न झुकवता गेलेलं माणूस अजून कुणी बघितलेलं नाही. तो अगदी बेगाइमच्या पाठीमागे येऊन उभा राहिला. नवे तिघं आधी वाकले. मग बेगाइम वळली.

कुलीपाने सगळं बघितलं. बेगाइमने ट्रककडे पाठ केली. सलाम करायचा तर उजवा हात छातीवर हवा, डाव्याने कुणी सलाम करत नाही. उजव्या हातात पाटी होती. तिने ती डाव्या हातात घेतली, उजवा हात छातीवर ठेवला आणि खाली वाकली. घेता घेता पाटी फिरली. ट्रकवाल्याच्या समोर आता हिरवी बाजू होती.

ट्रक हलला.

कुलीपाचा अंगठा बटणावर होता. दाबायला काय लागतं? डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. पण तिने दाबलं नाही. तिच्या मनात एकच गोष्ट लख्ख उभी राहिली: बघू दे. पांढऱ्या हेल्मेटवालीने काय केलं ते बघू दे सगळ्यांना. पहिला शंकू ट्रकच्या मागे गेला. दुसरा गेला. बेगाइम अजून वाकलेलीच होती, म्हाताऱ्याच्या घराची विचारपूस करत असावी. तिसरा. कुलीपाला आतून असा आनंद झाला की तिची तिलाच भीती वाटली. चौथ्या शंकूला तिला मिनीबसमधली मुलं आठवली.

"ट्रक! बेगाइम, ट्रक सुटला! थांबव!"

वर एकच धांदल उडाली. बेगाइम शिट्टी फुंकत धावली, नवे तिघं ओरडत धावले. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला, ट्रक शेपूट हलवत घसरला आणि रोलरपासून दोन ट्रकांच्या अंतरावर थांबला. मागून कोळशाची ढेकळं गडगडत ताज्या डांबरावर पडली. रोलरवाला उडी मारून बाजूला झाला होता, त्याचा गुडघा खरचटला. मिनीबस वळणावर येऊन थांबली. बाकी कुणाला काही झालं नाही.

"एवढा आरडाओरडा कशाला?" एशिम अक्साकाल घोड्यावरून विचारत होता. "मला तर काही घाई नव्हती."

खाली डब्याशी असलेला सामुदिन पळत आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. त्याने आपल्या वॉकीटॉकीवर फक्त कुलीपाचा आवाज ऐकला होता. त्याने तिचे दोन्ही हात धरले.

"कुलीपा, तू नसतीस तर आज चार घरांत रडारड झाली असती. माझं ठरलं. शनिवारची वाटच बघायला नको."

"बरं," कुलीपा म्हणाली.

वर बेगाइम रस्त्याच्या कडेला दगडावर बसली होती. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं होतं. इतके दिवस जे बघायची कुलीपाला हौस होती ते आता डोळ्यांसमोर होतं. तिने बघितलं, आणि तिला ते फार वेळ बघवेना.

बातमी गावात तिच्याआधी पोचली. शेजारची बाई वाटीभर साय घेऊन आली. मिनीबसमध्ये तिची भाची होती. नवरा असानाली येणाऱ्याजाणाऱ्याला दारातच अडवून हकीकत सांगत होता.

"हिच्या नजरेला तोड नाही! इकडे ट्रकाचं चाक हललं, इकडे हिने आवाज दिला!"

"पुरे," कुलीपा म्हणाली.

"का पुरे? खोटं आहे का काही?"

तिने साय ताटात वाढली, पाव मोडला आणि सगळं तसंच ठेवून गाईला पाणी दाखवायला बाहेर गेली. गाय मघाशीच पाणी प्याली होती.

सकाळी वर्गात बेगाइम नेहमीप्रमाणे आधी आली होती. डोळे सुजले होते, पण अक्षर तसंच सुबक होतं. फळ्यावर तिने रस्ता काढला होता, वळण काढलं होतं, दोन्ही पाट्या, घोडा आणि ओळीने शंकू. एका बाजूला दोन रकाने आखले होते. एकावर लिहिलं होतं 'कारण' आणि दुसऱ्यावर 'उपाय'. कारणांखाली प्रशिक्षणाच्या पुस्तकातली यादी होती: थकवा, डोळ्यांवर ऊन, धुकं, मोबाइल, दारू, वॉकीटॉकी बंद.

"काल चूक माझी झाली," ती म्हणाली. "पण पुस्तकातल्या यादीत ही चूक नाही. पुस्तक लिहिणाऱ्यांना एशिम अक्साकाल भेटले नव्हते." मीरगुल हसली आणि लगेच गप्प झाली. "आपल्याकडे मोठं माणूस आलं की हात आपोआप छातीवर जातो. तो थांबवता यायचा नाही, आणि थांबवूही नये. म्हणून मी सातवं कारण लिहिते, सलाम. उपाय: पाटी आधी शेजारच्याच्या हातात द्यायची, नाहीतर तोंडाने सलाम करायचा आणि नजर ट्रकावर ठेवायची. अक्साकालांकडे मी काल संध्याकाळी जाऊन आले. ते म्हणाले, पोरी, तोंडाने केलेला सलामही पोचतो मला."

कुलीपा मागच्या बाकावर बसून ऐकत होती. ती वाट बघत होती पोरीने स्वतःला सावरून घेण्याची, ट्रकवाल्यावर ढकलण्याची. पोरीने काहीही ढकललं नाही. उलट ती चूक तिने सगळ्यांच्या कामाची करून टाकली होती. हे आपल्याला सुचलं नसतं, असं कुलीपाला वाटलं, आणि पुन्हा तिला फळ्यावरचं ते सुबक अक्षर बघवेना. कालच्या दिवसानंतरही त्यात फरक पडला नव्हता.

"आता दुसरी बाजू," बेगाइम म्हणाली. "आपण वाचलो ते एजेंमुळे. अपघात टळला तर कसा टळला तेही लिहायचं असतं. इशारा कधी मिळाला?"

"लगेच!" मीरगुल म्हणाली. "लगेच मिळाला, मी कानांनी ऐकलं."

बेगाइमने फळ्यावर 'लगेच' असं लिहिलं. दाराशी सामुदिन समाधानाने मान डोलवत होता. त्याच्या खिशात कचेरीला पाठवायचा कागद होता. वर्ग सुरू होण्याआधी त्याने तो कुलीपाला दाखवलाही होता. कागदावर तिचं नाव होतं.

कुलीपाला काहीच बोलायची गरज नव्हती. नुसतं बसून राहिली असती तरी भागलं असतं.

"चार," ती म्हणाली.

"काय, एजे?"

"चार शंकू. पाटी फिरली तेव्हा ट्रक पहिल्याच्या अलीकडे होता. मी बोलले तेव्हा तो चौथ्याशी होता."

बेगाइम फळ्यावरच्या शंकूंकडे बघत राहिली. मनातल्या मनात मोजत होती. चाळीस मीटर.

"खालून दिसलं नसेल तुम्हाला."

"दिसलं. सगळं दिसलं."

"अगं, ऊन असेल डोळ्यांवर," सामुदिन घाईघाईने म्हणाला. त्याचा हात खिशाकडे गेला होता. "सकाळचं ऊन तिथे समोरूनच येतं. यादीत आहे की. बेगाइम, ऊन लिही."

"ऊन पाठीमागे होतं, बाइके," थोरल्या भावाला म्हणतात तसं कुलीपा म्हणाली.

"मग वॉकीटॉकी अडकली असेल. त्या जुन्या झाल्यात, मी कचेरीला दहादा कळवलंय."

"चांगली होती. अंगठा बटणावर होता माझा."

बाहेर रोलरने काम सुरू केलं होतं, त्याच्या घरघरीने खिडकीची काच थरथरत होती. बेगाइम कुलीपाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता; काही कळत नसल्यासारखा तो चेहरा होता, आणि मग हळूहळू कळत गेल्यासारखा झाला.

"मग कारण काय लिहू, एजे?" तिने हळूच विचारलं.

"हेवा लिही."

"कुणाचा?"

"तुझा."

मीरगुलने हातातला पेला खाली ठेवला. सामुदिन उठून उभा राहिला आणि म्हणाला:

"असलं कारण यादीत नाही."

"सलामही नव्हता," कुलीपा म्हणाली.

बेगाइमने आधी 'लगेच' पुसलं आणि तिथे 'चार शंकू' लिहिलं. मग सातव्याखाली आठचा आकडा काढला आणि त्याच्यापुढे तो शब्द लिहिला. इतर शब्दांसारखाच लिहिला, मोठा नाही की लहान नाही. नव्या तिघांनी खाली माना घालून तो आपापल्या वहीत उतरवला. सामुदिन दार उघडून बाहेर गेला. कागद अजून त्याच्या खिशातच होता, पण तो आता कुणाचं नाव खोडणार हे सगळ्यांना माहीत होतं.

बेगाइमचा खडू शेजारच्या रकान्यापाशी येऊन थांबला. थकव्यापुढे 'पाळी बदलणे' होतं, उन्हापुढे 'चष्मा' होता, वॉकीटॉकीपुढे 'जादा बॅटरी'. तिने वळून कुलीपाकडे बघितलं. नव्या तिघांनीही पेनं उचलून मागे वळून कुलीपाकडेच बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सगळा वर्ग तिच्याकडे तोंड करून बसला होता.

"मला नाही माहीत," कुलीपा म्हणाली. "तेवढी जागा कोरी ठेव. आणि पुढचं शिकव, नऊ वाजत आलेत, गाड्या खोळंबल्या असतील."